सुतकाचा मेल

तारकर्ली,
१४ फेब्रुवारी २०२५

सुदेश,

काल दीपिकाचा वास्कोहून फोन आला. तू दिलेला निरोप तिनं पाठ केल्यासारखा एका दमात म्हणून टाकला. "बाबांच्या वर्षश्राद्धाला माझी वाट बघू नका, मंगेशकडून करून घ्या." मग म्हणाली, "ताई, मी मधे नाही हां." तिचं काही चुकलं नाही. नवरा आणि नणंद भांडत असताना शहाणी बाई मधे पडत नाही. मी आईला एवढंच सांगितलं की दीपिका बरी आहे आणि तू परत बोटीवर रुजू झालास. मंगेशचं नाव तिच्यापुढे काढलं नाही. पोटचा मुलगा असताना पुतण्याच्या हातून नवऱ्याचं श्राद्ध बघायची तिची तयारी नाही, आणि तिला ते सांगायची माझी नाही.

माझा नंबर तू अडवून ठेवला आहेस. मेल तुझ्यापर्यंत पोचत नव्हते, आणि का पोचत नव्हते ते सांगायलाच हा कागद घेऊन बसले आहे. दीपिकाकडे पाठवते. ती बोटीच्या एजंटच्या कचेरीत देईल, ते पुढच्या बंदरात तुझ्या हातात देतील. फेकायचं तर फेक, पण वाचून फेक.

ऑक्टोबरातला तुझा मेल मला तोंडपाठ आहे. "डर्बनच्या बंदरात बोटीच्या इंजिनावरच्या, वेंगुर्ल्याच्या एका मोटरमननं माझा हात धरला आणि म्हणाला, तुझ्या वडलांचं कळलं, वाईट झालं. ते जाऊन तोवर दीड महिना झाला होता. ताय, घर तुला हवं होतं, ते मिळालं. बापही तूच ठेवून घेतलास." छान लिहितोस रे. शाळेत निबंध आला की माझ्या पाठीमागे लागायचास, आणि आता बघा.

त्या मेलला मी उत्तर दिलं नाही, कारण मला वाटलं तू चक्क खोटं बोलतो आहेस. बाबांना कुडाळच्या दवाखान्यात नेलं त्या दिवसापासून मी तुला तुझ्या कंपनीच्या पत्त्यावर रोज मेल करत होते. डॉक्टर काय म्हणाले, बाबा किती जेवले, सगळं. जमेल तसा नीघ, असं प्रत्येक मेलच्या शेवटी. ते गेले त्या सकाळीही केला. तुझा एक शब्द आला नाही. मंगेशनं अग्नी दिला आणि मी मनात म्हटलं, घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना दिल्या म्हणून माणूस एवढा दगड होतो! तू जाताना म्हणाला होतास ना, परक्यांची अंथरुणं पडतात त्या घरात मी पाय ठेवणार नाही. तेच तू खरं करून दाखवतोस असं मला वाटलं. पुढचे पाच महिने नारळ सोलताना मी तुला शिव्या घालत होते. नारळ भराभर सोलले जायचे.

मग जानेवारीत कोल्हापूरचं एक कुटुंब दारात उभं राहिलं. खोली ठेवली असल्याचा मेल आलाच नाही म्हणून माझ्याशी तावातावानं भांडलं. मी मालवणच्या बाजारात धनेशच्या दुकानात गेले. आपल्या 'आनंदी निवास'ची वेबसाइट आणि मेलचा पत्ता त्यानंच करून दिलेला. त्यानं मी कधी न उघडलेला एक कप्पा उघडला. त्यात परत आलेले मेल होते. तुला केलेले सगळेच्या सगळे तिथे होते, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर इंग्रजीत लिहिलं होतं की पाठवणाऱ्याचं नाव काळ्या यादीत असल्यामुळे घेतला नाही.

"ताई, तुमका काळ्या यादीत टाकलेला आसा," धनेश म्हणाला. "ऑगस्टापासून."

आधार कार्डाच्या प्रती काढायला आलेल्या माणसांसमोर मी त्याच्या स्टुलावर बसून रडले. लाज वाटली नाही.

तू विचारशील, फोन का नाही केला? एजंटकडून बोटीवर फोन लावता आला असता. बाबांनी लावू दिला नाही. बोटींवर सारंग म्हणून जन्म काढलेला माणूस. म्हणाले, "बोटीवरच्या माणसाक वायट खबर कानात सांगू नये. तो खंय शिडीर असात, खंय टाकीत असात. लिवन धाड. बसान वाचीत." दीपिकालाही फोन करू दिला नाही, ती लगेच तुला लावील म्हणून, आणि ते गेल्यावर तुझ्यावरच्या रागानं मीच केला नाही. म्हणून मी लिहीत राहिले, आणि तू बसून वाचतो आहेस असं समजत राहिले.

परत आलेल्या मेलच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. तारखा बघ. सुदेश, मी कळवलं होतं.

तुझी ताय


तारकर्ली,
९ मार्च

सुदेश,

मी आता परदेशी भांडते आहे. तुला गंमत वाटेल.

मी तुझ्या कंपनीला धनेशच्या पत्त्यावरून लिहिलं की ऑगस्टात माझे मेल तुम्ही परत केले, तेवढी एक ओळ मला तुमच्या सहीनं द्या, मला माझ्या भावाला दाखवायची आहे. त्यांचं उत्तर आलं की आम्ही कुणाचा मेल अडवत नाही, आमचं यंत्र यादी बघतं आणि ठरवतं. मग यादी ठेवणाऱ्यांना लिहिलं. ती कुठली तरी परदेशातली संस्था आहे. त्यांचं उत्तर आलं की आम्ही कुणाचा मेल अडवत नाही, आम्ही फक्त यादी ठेवतो, ती बघायची की नाही हे ज्यानं त्यानं ठरवावं. दोघंही इतके सभ्य की शिवी देता येत नाही. सहीच्या जागी माणसाचं नाव नाही, नुसतं 'तपास विभाग'. भांडायला समोर माणूस लागतं रे. आपल्या तलाठ्याशी भांडण्यात निदान त्याचा चेहरा उतरलेला दिसतो.

मी विचारलं, आमचा गुन्हा काय? तर म्हणाले, तुमच्या पत्त्यावरून गेलेले संदेश घेणाऱ्यांनीच 'नको असलेले' म्हणून मोठ्या संख्येनं आमच्याकडे कळवले. जुलै-ऑगस्टातले. ते पाठवण्याआधी तुम्ही घेणाऱ्यांची संमती घेतली होती का?

आम्ही कसले संदेश पाठवतो? पाहुण्यांना खोलीचे, आणि ते फार नसतात. धनेशनं तारखा लावून बघितल्या, आणि ते निघाले सुतकाचे मेल.

तू बोटीवर, तुला यातलं नीट माहीत नसेल. भावकीत कुणी गेलं की सगळ्या कुबलांना सुतक. मुंबई, गोवा, दुबई, कुठेही असा, देवाला हात लावायचा नाही. म्हणून कळवावं लागतं. बाबा आयुष्यभर कार्डं लिहीत आले. मग त्यांचा हात कापायला लागला. व्हॉट्सॲपचा ग्रुप होता, तो देवळातल्या मानावरून फुटला आणि दोन झाले. एका ग्रुपवर घातलं की दुसऱ्याला राग. तेव्हा बाबाच म्हणाले, मेल बरा, मेलवर कोणी उलट बोलत नाही. ते सांगायचे आणि मी निवासाच्या पत्त्यावरून सगळ्या भावकीला पाठवायची. गेल्या जुलै-ऑगस्टात भावकीत एकापाठोपाठ तिघं गेली. बाबांच्या आधी. तेच ते मेल.

मी तपास विभागाला लिहिलं, मरणाची बातमी आगाऊ मागवून कोण ठेवतं? धनेशनं त्याचं इंग्रजी केलं, धार जरा कमी करून. उत्तर आलं की संदेशात काय लिहिलं आहे ते आम्ही बघत नाही, घेणाऱ्याला तो हवा होता का, एवढंच बघतो.

हे वाचल्यापासून मला काही सुचत नाही. म्हणजे आपल्याच लोकांनी, एका कुळाच्या लोकांनी, आम्हाला नको म्हणून कळवलं. बाबांच्या बाराव्याला माणसं आली नाहीत तेव्हाही मला असंच वाटलं होतं. मुंबईची भावकी तर जवळजवळ नव्हतीच. आई दारात बघत बसली होती. मी तेव्हा म्हटलं, गेले उडत. पण बाबांनी कुणाचं वाईट केलं होतं रे? ज्यानं त्यांची मयताची कार्डं उन्हातान्हात पोस्टात नेऊन टाकली, त्याच्याच दारात कोणी येऊ नये?

आई तुझ्यासाठी आमसुलं बांधून ठेवते आहे. कुणाबरोबर पाठवणार, विचारलं तर म्हणते, "तो येतलो तेवा नेतलो."

तुझी ताय


तारकर्ली,
६ एप्रिल

सुदेश,

काल कुडाळला परशुरामकाकांकडे गेले होते. बाबांचे चुलतभाऊ, तुझ्या मुंजीत लाडू संपवले ते. बाबांच्या बाराव्याला ते आले नव्हते, आणि ठाण्याहून मुलाकडून परत आल्यावरही आपल्याकडे फिरकले नाहीत. मी ठरवूनच गेले होते की आज विचारायचं, आमचे मेल नकोत म्हणून कोणी कळवलं.

मी तोंड उघडायच्या आधी काकाच पेटले. "इलंस? आता इलंस? सुतकात गणपती पुजलो आमी! ठाण्याक, झिलाच्या घरात. पाच दीस. सत्यवान गेलो ता माका चतुर्थी झाल्यार कळला. सख्ख्या चुलत भावाक कळवक नाय तुया."

"काका, मेल केललंय. सगळ्यांका केललंय."

"खंय केललंस? माका येवक नाय."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की बाबांचाही सुतकाचा मेल कुणाला पोचला नव्हता. त्या परत आलेल्यांच्या कप्प्यात मी तुझ्याच नावाचे तेवढे बघितले होते. माणसं आली नाहीत कारण त्यांना माहीतच नव्हतं. वरून बिचाऱ्यांनी सुतकात गणपती आणले, आणि आपल्याला बोल लावत बसले. मी त्यांना, ते आपल्याला, आणि तू मला. आपण सगळे महिनोन्महिने एकमेकांवर रागावलेलो, आणि एकाचाही राग खरा नाही.

काकूंनी पाणी दिलं. मी काळ्या यादीचं सगळं सांगितलं आणि विचारलं, "त्या आधीचे तीन मेल इले तुमका?"

"इले मरे. वाचलंय नि फाडलंय."

"फाडलंय म्हणजे?"

काका माझ्याकडे असे बघायला लागले, जशी काही मी मुंबईत वाढलेली. "मयताचा कार्ड घरात ठेवतत?" मग खिशातून फोन काढून त्यांनी दाखवलं. मेलच्या वरच्या बाजूला ती खूण असते ना, नको असलेला मेल म्हणून कळवायची, तिच्यावर बोट ठेवलं. "हय दाबला की फाटला. नुसतो पुसलो तर तो टोपलेत रवता. म्हयनोभर घरातच. हय दाबलो की गेलो, परत उंबऱ्यात येवचो नाय."

मला आधी हसू आलं. खरंच सांगते, पोट धरून हसले. काकूही हसायला लागल्या, का ते न कळता. कार्ड आलं की वाचून दारातच फाडायचं, हे आपल्याकडे पोरासोरांनाही कळतं. मेल दारात कसा फाडणार? तर असा. आणि त्या परदेशातल्या तपास विभागाला वाटलं, या माणसांना हे संदेश नकोत. एकेक भक्तीनं दाबत होता रे. दाबून हातपायही धूत असतील.

मग हसू गेलं. मी विचारलं, "सगळेच असा करतत?"

"सगळेच. शिकयल्यान तसा."

कोणी शिकवलं, ते काकांनी खाली बघत सांगितलं. ते नाव मी इथे लिहीत नाही. हेतू चांगला होता, एवढं समज. तिथून एसटी स्टँडपर्यंत मी चालत आले आणि आलेली गाडी सोडून पुढच्या गाडीनं घरी आले.

आता तुला कळलं ना कसं झालं? भावकीनं सुतकाचे तीन मेल फाडले, त्यामुळे निवासाचा पत्ता काळ्या यादीत गेला, आणि लगेच बाबा आजारी पडले. त्या यादीमुळे तुझ्या कंपनीच्या यंत्रानं माझे मेल परत केले. यात मी कुठे आहे, सांग.

तुझी ताय


तारकर्ली,
२५ मे

सुदेश,

तुझं उत्तर दीपिकानं फोनवर वाचून दाखवलं. तीन वाक्यं. "परत आलेल्या मेलच्या प्रती धनेश पाहिजे तेवढ्या काढून देईल. कोणी शिकवलं त्याचं नाव सांग. नाव नसेल तर गोष्ट तू रचलेली आहेस."

नाव आहे. सांगणार नाही. सांगितलं तर तुला माझ्यावरचा राग सोडावा लागेल, आणि तो मग जिथे जाईल तिथे मला तो जायला नको आहे. माझ्याकडेच असू दे. मला आता त्याची सवय झाली आहे.

दुसरं सांगते. यादीतून नाव काढायचा एक रस्ता त्यांनी फेब्रुवारीतच दाखवला होता. एका चौकोनात खूण करायची. त्याच्यापुढे वाक्य असं की, हे संदेश घेणाऱ्यांना नको होते हे मला मान्य आहे, आणि यापुढे मी या पत्त्यांवर ते पाठवणार नाही. मी अडून बसले होते. नको होते कसे? वाचले, पाळले, आंघोळी केल्या, देव झाकले. ज्यांनी इतकं केलं त्यांना ते नको होते असं मी लिहून देऊ? धनेश म्हणाला, "ताई, ता नुसता टिक करूचा असता. कोण वाचता?" मी म्हटलं, मी वाचलं ना.

यात सीझन गेला. मेलवरून येणारे पाहुणे आलेच नाहीत, फोनवाले तेवढे आले. ते जाऊ दे.

गेल्या आठवड्यात आई मागच्या अंगणात कोकमाची सालं वाळत घालत होती. तिनं विचारलं, "काय गो लिवला हा तेच्यात, की तू म्हयनो म्हयनो ती खूण घालनंस नाय?" मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मगे? खरा तेच लिवला हा. मरणाची खबर कोणाक व्हयी असता?"

"आये, तसा नाय ता. आणि मगे भावकीक कळवूचा कसा?"

"कार्डा लिव. तुका हात आसत. माका माझो झील व्हयो, गो. तुझा खरा खोटा माका नको. घाल ती खूण."

सालांचा रस तिच्या हातांना लागला होता, तोच हात तिनं माझ्या पाठीवर मारला. माराला जोर नव्हता. तिच्या अंगात आता जोर राहिला नाही, सुदेश. बाबांच्या पाठीमागे ती एकदम वाळली. परकर दोनदा गुंडाळून नेसते.

मी खूण केली. दोन दिवसांत यादीतून नाव निघालं. ना माफी, ना ती एक ओळ. तुझ्या कंपनीला पुन्हा लिहिलं, तर म्हणाले, परत केलेल्या मेलची नोंद आम्ही इतके महिने ठेवत नाही. म्हणजे मी तुला कळवत होते याचा पुरावा त्या परत आलेल्या मेलच्या प्रती, ज्या तुझ्या मते धनेश काढून देतो. इतके महिने मी भांडले ते त्या एका ओळीसाठी, आणि ती मिळणार नाही.

परवा तुला मेल केला, "पोचला का?" एवढाच. तो परत आला नाही.

तुझी ताय


तारकर्ली,
२७ जुलै

सुदेश,

मेल आता पोचतो, तरी हे कागदावरच लिहिते आहे. दीपिका म्हणाली की तुझी बोट ऑगस्टच्या मध्याला मुंबईला लागणार आणि तू उतरून घरी येणार. घरी म्हणजे वास्कोला. बाबांची तिथी श्रावण वद्य द्वादशी, वीस तारखेला येते. त्यानंतर आठवड्यानं चतुर्थी.

नाव हवं होतं ना तुला? बाबा.

मागच्या जत्रेच्या आदल्या जत्रेत, देवळाच्या पायरीवर बसून त्यांनी सगळ्या भावकीला शिकवलं. पुसलेला मेल महिनाभर टोपलीत राहतो, हे त्यांना कुठून तरी कळलं होतं आणि ते त्यांना खुपत होतं. मयताची खबर घरात राहता कामा नये. मी त्यात लक्ष घातलं नाही, म्हणून त्यांनी धनेशला गाठून विचारलं, "कायमचो खंयसून जाता?" धनेशनं ती खूण दाखवली. त्या पोराला तरी काय माहीत, कशाला विचारतात. मग जत्रेत एकेकाचा फोन हातात घेऊन बाबा सांगत होते, "हय दाब. फाटलो." कार्ड लिहायला हात साथ देत नव्हता, पण बोट दाबायला देत होता ना. त्या दिवशी किती खूश होते! मी देवळामागे गोड खाजं विकत घेत होते, लांबून बघितलं, आणि मला वाटलं फोटो दाखवताहेत. सत्यवानानं सांगितलं म्हणजे भावकीनं करायचंच. केलं सगळ्यांनी.

मी एवढे महिने नाव सांगितलं नाही, कारण ते आता उत्तर द्यायला नाहीत. मला भीती होती की तू म्हणशील, त्यांनीच केलं ते, भोगलं. बोटीवर कठड्याशी उभा राहून एकदा मोठ्यानं म्हण, वाऱ्यावर जाऊ दे. घरी येऊन आईसमोर म्हणू नकोस. आणि खरं सांगू? मला स्वतःलाही त्यांचा राग आला होता. परशुरामकाकांकडून निघून मी एसटी सोडली ती त्यासाठीच. आपल्याच बोटानं आपला मुलगा दूर केलात, असं मी त्यांना त्या स्टँडवर मनातल्या मनात बोलले. पण कोणाशी भांडणार?

आईला गेल्या आठवड्यापर्यंत सांगितलं नव्हतं. मंगेशनं येऊन श्राद्धाची तयारी विचारली, ती चिडली, मंगेश बिचारा खाली मान घालून गेला, आणि मग मला सगळं बोलावंच लागलं. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "शिकयल्यान तसा केल्यानी. तेंचा काय चुकला?" पदर बोटाला गुंडाळत बसली. मग तिनं जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं, ते तुला सांगायलाच हे पत्र आहे.

शेवटच्या दिवशी पहाटे मी दवाखान्यातून औषध आणायला बाहेर गेले होते. बाबा जागे झाले. त्यांनी विचारलं, "झील इलो?" ते रोज विचारायचे आणि आम्ही रोज सांगायचो, मेल केलाय, येईल. त्या दिवशी आईच्यानं ते सांगवलं नाही. ती म्हणाली, "इलो. गाडी आत्ताच लागली. कुडाळाक उतारलो, रिक्षा गावली की येता." बाबांनी डोळे मिटले. म्हणाले, "उपाशी असतलो. पयलो जेवक घाल तेका." पुन्हा त्यांनी विचारलं नाही. मी औषध घेऊन आले तेव्हा ते गेलेले होते.

उभ्या संसारात आई त्यांच्याशी एकच खोटं बोलली. ते गेले ते तू कुडाळला उतरला आहेस हे ऐकून. म्हणून ती मंगेशला श्राद्धाला हात लावू देत नाही. मला म्हणाली, "मी तेका सांगलंय तो उतारलो म्हणान. आता माका तोंड नाय." दिवा लावताना बाबांच्या फोटोकडे बघत नाही. मला वाटायचं दुःखानं. ती त्यांना घाबरते रे, सुदेश. खोटं पकडलं जाईल म्हणून घाबरते.

डिसेंबरात तू मुंबईहून मडगावला गेलास. दीपिका बोलता बोलता बोलून गेली, आईला मी सांगितलेलं नाही. ती गाडी कुडाळला थांबते. त्या वेळी तू जागा होतास, हे मला कुणी सांगायला नको. खिडकीतून तू फलाट बघितला असशील आणि गाडी सुटू दिली असशील. तेव्हा तुला वाटत होतं की या गावात तुझी कुणी वाट बघितली नाही.

या खेपेला उतर. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. श्राद्ध कर आणि संध्याकाळच्या गाडीनं वास्कोला जा, मी अडवणार नाही. घरातल्या त्या दोन खोल्यांत त्या आठवड्यात कुणी पाहुणा ठेवलेला नाही. पण कारनं येऊ नकोस, विमानानं गोव्याला उतरून तिकडून येऊ नकोस. रेल्वेनं ये, कुडाळला उतर आणि रिक्षा करून ये. आईनं सांगितलं आहे तसाच ये.

घरी आलास की आधी पान वाढलेलं असेल. पाय धू आणि जेवायला बस. बाकी सगळं मग.

ताय